बोटीची बॅटरी आणि बाबांची कॉलर

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझे सासरे नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आलेत. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत न चुकता पाणी घालणारा माणूस. गेल्या आठवड्यात त्यांना गॅरेजमध्ये माझ्या बोटीची बॅटरी दिसली. "चार्ज केलेली आहे ना?" उतरलेल्या बॅटरीत पाणी घालायचं नसतं, म्हणून त्यांनी विचारलं. फोनमधून डोकं वर न काढता मी म्हटलं, "हो बाबा." त्यांनी हौसेनं डिस्टिल्ड वॉटर घातलं.

आज सकाळी मी चार्जर लावला आणि थोड्या वेळात धाडकन स्फोट झाला. झाकणाचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीत घुसला. ॲसिड बाबांच्या तोंडावर उडालं. मी त्यांना अक्षरशः फरफटत सिंकपाशी नेलं आणि मानगूट धरून नळाखाली दाबून ठेवलं. ते गुदमरत होते, तरी सोडलं नाही.

मग कॉलर धरून गदागदा हलवलं. "कोणी सांगितलं होतं पाणी घालायला? मेलो असतो दोघं!"

दारातून मुलगी किंचाळली, "डॅड, स्टॉप इट!"

अर्जंट केअर क्लिनिकला जाऊन आलो. डोळे वाचले, गाल भाजलाय. "चुकलं माझं, जावईबापू," एवढंच म्हणाले.

खरं सांगू? ऑक्टोबरपासून मी ती बॅटरी चार्जच केली नव्हती. उतरलेली बॅटरी या थंडीत गोठते, आणि गोठलेली बॅटरी चार्जरला लावली की फुटते.

बाबा आत्ता गॅरेजची फरशी पुसतायत. तुम्हाला हे सांगता आलं, कारण ते या ग्रुपवर नाहीत.