जुन्या आवृत्तीवरचा काटा

कोणताही अहवाल हाती आला की भाऊ आधी कागद उलटून मागची बाजू पाहायचे. मागे काही नसायचंच. मग विचारायचे, "कोनं मोजलं हे?"

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचं ऑफिस लाखनीत, हायवेला लागून, टायरच्या दुकानावर. धान मोजायच्या काट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही पुरवायचो. ते ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं तिची नवी आवृत्ती येऊन वर्षं लोटली होती, तरी प्रत्येक दुरुस्ती आम्ही दोनदा करायचो. एकदा नवीसाठी, एकदा जुनीसाठी. जुनी नीट यायची ती फक्त भाऊंना. म्हणूनच ते तिला मरू देत नाहीत, असा सगळ्यांना संशय होता. मलाही.

एकदा नागपूरहून साहेब आले. कोट, पडदा, रंगीत तक्ते. "जुन्या आवृत्तीवर ग्राहक शून्य. याच महिन्यात सपोर्ट बंद." टाळ्या पडल्या. समोसे अजून यायचे होते.

"शून्य कोनं मोजलं, साहेब?" भाऊंनी विचारलं.

"सिस्टीमनं."

"अन् जो काटा नेटले जोडलाच नाही, तो सिस्टीमले कसा दिसंन?"

साहेब हसले. "भाऊ, नोकरीची काळजी वाटते का?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला मोटारसायकलवर मागे बसवून आसगावला नेलं. गोदामात काट्याला जोडलेला जुना संगणक, त्यावर आमची जुनी आवृत्ती, बाहेर धानाची पोती रचलेली. नेट तिथे कधी पोचलंच नव्हतं.

काटा सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "काहून जी भाऊ, बंद करून राहिले म्हणते? ऐन हंगामात मी हातानं लिहू का?"

"धान उचलल्याशिवाय याले कोनी हात नाही लावत, बाई."

परतताना मला एवढंच म्हणाले, "एक. तूबी मोजून घे."

भाऊंनी आसगावचा काटा नागपूरला लेखी कळवला, आणि त्या एका काट्यापुढे साहेबांना हंगामभर थांबावं लागलं. धान उचललं गेल्यावर भाऊ पुन्हा आसगावला गेले. दोन दिवस बसून नवी आवृत्ती चढवली, बाईंना शिकवली. मग जुनीचा सपोर्ट संपल्याची नोटीस स्वतःच लिहिली. तीन ओळींची.

"भाऊ, आता तुमचं काय?" मी विचारलं.

"तुमचा संशय तर फिटंन."

महिन्याभरात साहेबांनी त्यांची गरज उरली नसल्याचं कळवलं.

पुढच्या हंगामात आसगावहून बाईंचा फोन आला. "भाऊ हायेत का जी?"

"नाहीत. गेले इथून. काही बिघडलं का?"

"नाही जी. बेस चालून राहिलं. तेवढंच सांगाचं होतं."

निरोप मी तक्रारवहीत लिहिला. नीट चालल्याचं नोंदवायला आमच्याकडे दुसरी वही नव्हती.