भावजींनी तपासलेली पत्रिका

माणसाला चीड आणायला देवानं मुद्दाम कुणाला घडवलं असेल, तर ते आमचे धाकटे भावजी. उभा जन्म ओझरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला. तिथली रीत अशी, की तपासलेल्या स्क्रूवर लाल ठिपका द्यायचा आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही. कारखान्यात ते ठीक. पण हे निवृत्त झाले आणि लाल रंगाची बाटली घेऊन घरभर फिरायला लागले. कुकरची मूठ, गॅसची नळी, देव्हाऱ्याची कडी, सगळ्यांना ठिपके. भिंतीवरचं घड्याळ पास केलं ते नेमकं मागे पडलेलं, मग काटे हलवायची बंदी. मी म्हटलं, "भावजी, घड्याळ मागे आहे." तर म्हणतात, "तपासलेलं आहे, वहिनी. तुम्ही लवकर उठत चला." एकदा माझ्या चष्म्यालाही ठिपका दिला. दिवसभर जो तो विचारी, डोळे आले का?

नाशकात घरोघर नुकते कॉम्प्युटर येत होते, तेव्हा भावजींनीही घेतला. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यावर यांनीच टाईप केली. छापायला द्यायच्या दिवशी मी वाचली, तर निमंत्रण देणाऱ्यांत अक्कांचं नाव नाही! अक्का म्हणजे माझ्या सटाण्याच्या नणंद. आई गेल्यावर भावजींना कडेवर घेऊन वाढवणारी थोरली बहीण. नाव नसेल तर अक्का मांडवात पाऊल टाकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक.

"सख्खी बहीण विसरलात? लाज नाही वाटत?" मी ओरडले. भावजींचा चेहरा उतरला. नाव घालायला बसले, पण बदल ठेवायला गेले की पडद्यावर एकच पाटी: रीड-ओन्ली. "वाचा, पण हात लावू नका, असं म्हणतंय ते," भावजी म्हणाले. यंत्र बंद केलं, चालू केलं. माऊसचा गोळा काढून पायजम्याला पुसला. व्होल्टेजला शिव्या घातल्या. छापखाना बंद व्हायची वेळ आली, तशी मी विचारलं, "याला तुम्ही ठिपका तर नाही ना दिलात?"

दिला होता. पत्रिका तपासून झाल्यावर त्यांनीच त्या फाईलवर रीड-ओन्लीची खूण केली होती. मघापासून ठाऊक होतं की आत्ता आठवलं, देव जाणे.

"मग काढा ना!"

"असं नाही काढता येत, वहिनी. ज्यानं पास केलं त्यानं मोडायचं नाही. वरच्याची परवानगी लागते. दादा असते तर..." दादा म्हणजे माझे यजमान.

"दादा नाहीत. आता वर मीच आहे, चौथी पास. काढा म्हणते ना!"

खूण निघाली. आता नवी ओळ घातली की मजकूर दुसऱ्या पानावर घसरे. मी वैतागून चहा टाकायला गेले. येते तो भावजी छापखान्याकडे गेलेले.

गठ्ठा आला, तसा पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन मी सटाणा गाठलं. अक्कांनी बोट ठेवून सगळी वाचली आणि म्हणाल्या, "यामा नानानं नाव कोठे शे?" नाना म्हणजे भावजी; त्यांचं नाव कुठे आहे, असं त्या अहिराणीत विचारत होत्या. मी पत्रिका ओढून घेतली. अक्कांचं नाव होतं, सगळ्यांच्या वर. भावजींचं नव्हतं. स्वतःची ओळ काढून त्यांनी जागा केली होती. घरी येऊन मी एवढी भांडले, की शेजारीण धावत आली. भावजी म्हणाले, "पत्रिका एका पानाचीच शोभते, वहिनी."

अक्का लग्नाला आल्या. आता त्याही नाहीत आणि भावजीही नाहीत. मुलगी माहेरी आली की पत्रिका काढून एकेक नाव वाचते. लग्नाला न आलेल्यांचीसुद्धा नावं आहेत त्यात. मला अजून राग येतो. एक ओळ दुसऱ्या पानावर गेली असती, तर काय बिघडलं असतं?