डॉक्टरांच्या गाडीचा गडवा

मिलमध्ये धान भरडलं की तांदूळ पोत्यांत भरून जातो आणि कोंडा मागे साचत राहतो. मुद्दाम कोणी साचवत नाही, पण बघता बघता ढीग होतो. डॉक्टरांच्या मोटारीच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. मोटार केव्हाच भंगारात गेली, किस्से तेवढे राहिले. परवा चहावर कोणीतरी म्हणालं, "फिटर, तो गडव्याचा सांगा ना." म्हटलं, तो एकटा सांगून चालत नाही. पहिल्यापासून ऐका!

* * *

मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये फिटर होतो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याची जुनी मोटार घेतली. ती हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे आणि हँडल मारणं डॉक्टरांच्या तब्येतीला झेपत नसे. म्हणजे मोटार डॉक्टरांची, पण निघायची माझ्या दंडावर!

डॉक्टरांच्या पत्नी कमलाबाई नर्स होत्या. लग्नानंतर नागपूरला राहून शिकल्या होत्या. खेड्यातल्या बाळंतपणांना दोघं मिळून जायचे. खरं सांगायचं तर बाळंतपण त्या करायच्या आणि डॉक्टर त्यांना पोचवायचे. कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाला, मग तो डॉक्टर का असेना, कोणी पाऊल टाकू देत नसे.

एक दिवस आमगावच्या रस्त्यावर सायलेन्सरच्या पाईपचं शेवटचं वीतभर टोक गंजून गळून पडलं. धूर मागे जायचा तो तळाच्या फळ्यांच्या फटींतून आत यायला लागला. दोन मैलांत कमलाबाईंना ओकारी. घरी येताच त्यांनी डॉक्टरांना सुनावलं, "अजी, असं चाललं तर बाळंतिणीच्या आधी मलेच खाटेवर टाका लागन! टोक बसल्याबिगर मी या गाडीत पाय ठेवत नाही."

आणि कमलाबाई नाहीत तर त्या मोटारीचा उपयोग काय? डॉक्टरांना बाजारातून भाजी आणायला!

* * *

डॉक्टरांनी ते मोडकं टोक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रेल्वेनं नागपूरला नेलं. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं ते दोन बोटांत धरून पाहिलं. म्हणाला, "जहाजानं येईल. चार महिने धरा." डॉक्टरांनी विचारलं, "तोवर गोंदियात काही करता येईल का?" तो हसला. "गोंदियात? अहो, तिथले लोक बिड्या वळतात. धूर काढायचं त्यांना कळतं, धूर न्यायचं नाही!"

डॉक्टरांनी आल्या आल्या ते मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं ना, मी कशानं पेटतो ते! मी म्हटलं, "साहेब, एका रविवारात बसवतो. इथंच, तुमच्या अंगणात. मिलचं इंजिन मी उघडून लावतो, हे वीतभर टोक काय घेऊन बसलात?"

एका रविवारात म्हणालो होतो. तीन लागले. पण लागले ते का, तेही ऐका.

* * *

पहिला रविवार डॉक्टरांच्या बुद्धीनं फुकट गेला. अंगणात लिंबाखाली मोटार, तिच्याखाली मी, शेजारी भांड्यांना डाग देणारे रहीमचाचा, आणि ओट्यावरून हुकूम सोडणारे डॉक्टर, अशी आमची बैठक असायची. डॉक्टर म्हणाले, "फिटर, आपल्याकडे जंगलभर बांबू आहे. आतून पोकळ, बाहेरून गोल. देवानं पाईपच बनवून ठेवलाय!"

मी नको म्हटलं. चाचाही म्हणाले, "डॉक्टरसाब, लकडी है, जलेगी." पण शिकलेला माणूस हट्टाला पेटला की ऐकत नाही. हिरवा बांबू तासून, तारेनं आवळून बसवला. दिसायला फक्कड दिसत होता!

तिरोड्याच्या रस्त्यावर चार मैल नीट गेलो. पाचव्या मैलावर बांबूनं पेट घेतला. आम्हाला पत्ताच नाही. पुढच्या गावात शिरलो तर विहिरीवरची माणसं बादल्या घेऊन धावली. एक बादली बांबूवर पडली, दुसरी सरळ डॉक्टरांच्या कोटावर. डॉक्टर ओरडले, "अरे, मी पेशंट पाहायला आलोय!"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "पेशंट कोठी जात नाही जी. पयले तुमी विझा!"

* * *

दुसऱ्या रविवारी मी डॉक्टरांना तोंड उघडू दिलं नाही. रहीमचाचांनी घासलेटच्या डब्याचा पत्रा वळून झकास नळकांडं केलं, कथलाचा डाग दिला आणि मी ते पाईपवर ठोकून बसवलं. धूर बाहेर गेला. पण आवाज! त्या नळकांड्यातून असा काही घुमारा निघाला की गल्लीतल्या गायी दावं तोडायला लागल्या.

सोमवारी डॉक्टर आमच्या मिलवरून गेले. अकरा वाजले होते. आमचा जेवणाचा भोंगा बाराचा. पण मोटार कोपऱ्यावर वळली आणि तिनं असा सूर लावला की दीडशे माणसं सुपं टाकून डबे उघडायला बसली! मॅनेजर धावत बाहेर आला. "भोंगा कोणी दिला?" माझ्या तोंडात घास होता. मी हात वर करून रस्त्याकडे दाखवलं.

बुधवारी कथील वितळलं आणि नळकांडं रेल्वे फाटकात गळून पडलं. मॅनेजरनं पेढे वाटले असते, इतका तो खूश झाला.

हसलात ना? पण त्या आठवड्यात कमलाबाई बैलगाडीनं एका बाळंतपणाला गेल्या होत्या. नऊ मैलांना सारी सकाळ गेली. बाई वाचली, मूलही वाचलं, पण परत आल्यावर कमलाबाई ओट्यावर बसूनच राहिल्या. मला म्हणाल्या, "फिटरभाऊ, आणखी घडीभर उशीर झाला असता तर मी तिच्या मायले काय सांगितलं असतं?"

बढाई मारली होती मी, आणि किंमत दुसराच कोणी देणार होता.

* * *

तिसऱ्या रविवारी मी सकाळपासून गाडीखाली पडून होतो. मिलचे सारे पाईप लावून पाहिले. कोणी मोठा, कोणी लहान. तेवढ्यात कमलाबाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. हातात पितळेचा गडवा, म्हणजे आपला तांब्याच. मी पाणी प्यायलो आणि गडवा हातात तसाच फिरवत राहिलो. उंची बरोबर वीतभर. बूड पाईपच्या मापाचं. मध्ये पोट, म्हणजे आवाज आतच दबणार. तोंड बाहेरून पसरट, म्हणजे धूर लांब फेकणार. पण मागणार कसा? त्याच्यावर नाव होतं.

आपल्याकडे लेकीला भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. या गडव्यावर होतं, "चि. सौ. कमल हिस वडील सदाराम पाटील मु. कामठा यांजकडून." माहेरचं तेवढं एकच भांडं कमलाबाईंकडे उरलं होतं. लग्न थाटात लावून देणारे हे सदाराम पाटील, लेक नर्स होऊन जातपात न पाहता घरोघरची बाळंतपणं करते म्हटल्यावर तिच्याशी बोलेनासे झाले होते. शेवटचं वाक्य काय, तर "माझं नाव असं गावोगाव फिरवू नको." त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून कमलाबाईंनी कामठ्याचा रस्ता धरला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं. मग उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि गडवा रहीमचाचांपुढे ठेवला. "चाचा, याचं बूड कापा."

चाचांनी गडवा उचलला आणि लगेच खाली ठेवला. "बेटी, ये नाम मैंने ही डाला है. पाटील के आँगन में बैठके. मुझसे नहीं कटेगा."

"चाचा," कमलाबाई म्हणाल्या, "त्या घरी मले कोणी पाणी नाही देत. हा गडवा तरी कोणाच्या कामी येऊ द्या."

चाचांनी छिन्नी लावली. डोळे पुसत पुसत कापला, पण असा साफ कापला की कानस मारायची गरज पडली नाही! मी त्याच्या बुडाला चार चिरा दिल्या, पाईपवर सरकवला आणि लोखंडी पट्टी घालून दोन बोल्ट आवळले. दुपारच्या आत काम फत्ते. हँडल मारलं आणि मोटार अशी मऊ घुमली की डॉक्टर ओट्यावरून उतरून खाली आले.

एकच गफलत झाली. मी उताणा पडून काम करणारा माणूस. हातातली वस्तू आपल्याकडे तोंड करून बसवायची ही फिटरची सवय. नाव माझ्याकडे ठेवून मी बोल्ट आवळले, म्हणजे नाव गेलं जमिनीकडे! बाहेर आल्यावर कळलं. मी पाना उचलला तर कमलाबाई म्हणाल्या, "राहू द्या. खालीच बरं आहे. नाव फिरलेलं बाबाले आवडणार नाही."

* * *

आता माझ्या आवडीचा. चार-पाच महिन्यांनी तोच नागपूरचा गॅरेजवाला कुणाच्या तरी कामानं गोंदियाला आला. डॉक्टरांची मोटार उभी दिसली. मागे जाऊन बघतो तर पितळ चकाकतंय! वाकला, टिचकी मारली, हँडल मारायला लावून आवाज ऐकला. मी शेजारी उभा, छाती फुगवून.

"डॉक्टर, हा माल आपल्याकडचा नाही," तो म्हणाला. "खरं सांगा, कुठून मागवलात?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सासुरवाडीहून!"

* * *

कचारगडच्या बाजूला जंगलातल्या एका पाड्यावर कमलाबाईंनी एका गोंड बाईची सुटका केली. निघायच्या वेळी बाळाची आजी मोटारीला वळसा घालून आली आणि गडव्यापाशी थबकली. भांडं ओळखता येतंच की! तिला बिचारीला वाईट वाटलं. एवढं मोठं काम करून ही बाई रिकामा गडवा घेऊन चालली! तिनं मडकं आणलं आणि गडव्याच्या किंचित वर वळलेल्या तोंडात पाणी ओतलं. ओततेय, ओततेय, भरतच नाही!

मी पुढे हँडल मारतोय, मोटार सुरू होत नाही. डॉक्टर काय झालं ते पाहायला मागे गेले, आणि नेमकी तेव्हाच सुरू झाली. काजळीचं सगळं पाणी डॉक्टरांच्या पांढऱ्या पँटवर!

आजी समाधानानं म्हणाली, "पाह्य, किती तहान लागली होती गाडीले!"

* * *

आणि आता शेवटचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी कामठ्याहून एक माणूस सायकल मारत आला. सदाराम पाटलांचा मुलगा, म्हणजे कमलाबाईंचा सख्खा भाऊ. घामानं निथळत होता. बायको आदल्या दिवसापासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "ताई, बाबाले न सांगता आलो. येतेस काय?"

कमलाबाईंनी पिशवी उचलली. डॉक्टरांनी चावी घेतली. मी हँडल घेतलं. ती मोटार त्या दिवशी जशी पळाली तशी पुन्हा कधी पळाली नाही. मी मागे बसून गडव्याचा आवाज ऐकत होतो आणि मनात एकच, बोल्ट ढिले पडू नकोत!

पाटील दारातच उभे होते. उंच, पांढरं धोतर, पांढरा फेटा. लेकीला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. पण दारातून बाजूला झाले. कमलाबाई आत गेल्या, दार लागलं.

डॉक्टर ओसरीवर बसले. मी मोटारीपाशी. पाटील अंगणात येरझारा घालायला लागले. एकदा मोटारीजवळून गेले. परत आले, मागे थांबले. गडव्याकडे पाहिलं, पुढे गेले. पुन्हा आले. माणूस आपल्या घरचं भांडं विसरत नाही. पण वरच्या बाजूला तर कोरं पितळ होतं.

"याच्यावर नाव होतं," ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं. "खालच्या अंगाला."

त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. धोतर सावरलं आणि तो साठीचा पाटील, गडीमाणसं बघत असताना, आपल्याच अंगणात मोटारीमागे उताणा पडला. खांदे घासत घासत आत सरकला. मग मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून कापडानं पितळ घासल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ.

तेवढ्यात घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. दार उघडलं आणि कमलाबाई उंबऱ्यावर आल्या. डॉक्टर उठले. गडी हसायला लागले. पाटील मात्र मोटारीखालून निघाले नाहीत.

"फिटर," खालून आवाज आला.

"जी."

"पाना आण. हे नाव वरतं करून दे." मग ते म्हणाले, "गावोगाव फिरते ना पोरगी? मंग, लोकायले दिसलं पाह्यजे!"