कुलूप लावलेल्या खोलीतलं गाणं

ग्रुपवरच्या समद्या ताई-दादांना नमस्कार. मी हितं नुसती वाचत असते, कधी लिवलं न्हाय. शाळा आठवीपतुर झाली, चुकलं तर सांभाळून घ्या. आन आधीच सांगते, मी असलं काय मानणारी न्हाय. आमी मेंढरं राखणारी माणसं, माझं म्हायेर मंद्रूपकडं. लहानपणी आई-बापासंगं माळावर झोपलेली पोरगी हाय मी. वडील म्हणायचे, अंधारात काय हाललं तर दोनच गोष्टी — लांडगा न्हायतर चोर. तिसरं काय नसतंय. मी पण तेच धरून हुते.

पण हे अंधारात झालंच न्हाय. भर दुपारी झालं. म्हणून जास्त भ्या वाटतंय.

आमी सोलापुरात ऱ्हातो. सात रस्ता चौकाकडनं आत गल्लीत यायचं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या समोरासमोर. एक आमची, एक अक्कांची. अक्का तेलुगू हायत, म्हाताऱ्या, विड्या वळत्यात. आमच्या खोलीला एकच दार आन गज असलेली एकच खिडकी. सासू-सासरे वारले. आमचे हे पुण्याला गोडाऊनला कामाला, म्हयन्यातनं एकदा येतात. घरात मी आन माझा बिरू. बिरू तवा सव्वा वर्षाचा.

ह्यांचं पयले मोबाईलमधी गाणी भरून द्यायचं दुकान हुतं. लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे — लग्नाची भरा, भजनं भरा, जुनी भरा. मग समद्यांच्या फोनमधी नेट आलं आन दुकान बसलं. दुकानातला कंप्युटर तेवढा घरी आला, दोन मोठ्या स्पीकरसकट. पुण्याला जाताना ह्यांनी त्यात एक लिस्ट करून ठिवली. नाव दिलं ‘बिरू झोप’. बासरी, अंगाई, अभंग, समदं हळू आवाजातलं. दोन-अडीच तास चालायची. मला म्हणाले, “मी न्हाय तर माझी गाणी तरी झोपवतील त्याला.”

आन खरंच झोपायचा. साडीची झोळी बांधलेली, त्यात घालायचं आन लिस्ट लावायची. पण कंप्युटर जुना, मधीच अडकायचा. गाणं एकाच जागी ग-ग-ग-ग करत बसायचं आन बिरू दचकून उठायचा. मग हे सुट्टीला आले तवा पेन ड्राईव्ह घेऊन बसले — म्हणले नवी विंडो मारतो. आधी समदी गाणी दुसरीकडं काढून ठिवली. सकाळी बसले ते संध्याकाळी उठले. मी म्हणलं, “चार दिवसाची सुट्टी, त्यातला एक त्या डबड्याला.” तर म्हणले, “डबडं न्हाय, बिरूची आत्या हाय ती. दुसरं कोण हाय त्याला झोपवाय?” हसले. मी पण हसले.

जाताना मला दाखवलं, “नव्या सिस्टीमला एक निळी चौकट येत असती इंग्लिशमधी. उजवीकडचं दाबायचं, म्हंजे नंतर. डावीकडचं दाबलीस तर गाणी बंद, कंप्युटर बंद, आन किती येळ लागंल सांगता येत न्हाय.” मी व्हय म्हणलं.

आता जे सांगते त्याच्यावर तुमी मला शिव्या द्याल. द्या. मी बिरूला झोपवून, बाहेरनं कुलूप लावून कामाला जात हुते.

ह्यांना म्हायती न्हाय. अजून न्हाय. अक्कांकडं ठिवलं असतं तर ह्यांच्या कानावर गेलं असतं. सात रस्त्याच्या पलीकडं एक मावशी हायत, त्यांच्याकडं कडक भाकरीच्या ऑर्डरी असतात. मी दुपारी एक तास भाकरी थापायला जायचे. पयले बिरूला घेऊन जायचे, पण तो एकदा चुलीकडं रांगला आन मावशी म्हणल्या, “उद्यापास्नं पोरगं नको हितं. घरी कोण हाय का न्हाय बघाय?” माझ्या तोंडातनं निघून गेलं — “हाय की. नणंद आलीया.”

मला नणंद न्हाय. हे एकटेच.

रोज मावशी इचारायच्या, “नणंद हाय न्हवं अजून? बरी हाय बाई तुझी नणंद, आमच्या नणंदा नुसत्या खायाला यायच्या.” मी पण काय काय सांगायचे. शांत हाय, गाती चांगलं, बिरूला तिचा लई लळा. खोटं बोलताना बरं वाटायचं, खरं सांगते. दिवसभर बोलायला माणूस नसतंय मला. त्या नणंदेबद्दल बोलताना कोणतरी घरात हाय असं वाटायचं.

त्या दिवशी मे म्हयना, साडेबारा वाजलेले. बिरू झोपला, लिस्ट चालू. मी पदर खोचून निघाले तर ती निळी चौकट आली. घाई झालेली. दाबलं मी कायतरी. चौकट गेली, बासरी चालूच हुती. मी चप्पल घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरंला खोचली आन जिना उतरले.

तिकडं मोठी ऑर्डर. तीन चुली पेटलेल्या, वरनं पत्रा. सकाळपास्नं पोटात चहाच हुता नुसता. भाकरी उलथायला वाकले आन डोळ्यापुढं पिवळं झालं… तेवढंच आठवतंय.

उठले तर मावशींच्या आतल्या खोलीत, डोक्याला ओलं फडकं.

“डोळं फिरवलंस की गं! किती हाका मारल्या. जरा उठलीस, पाणी प्यालीस आन परत झोपलीस.”

“मावशी, किती वाजलं?”

“तीन वाजून गेलं.”

“बिरू—”

“पड गप! नणंद हाय की घरी. एक दिवस सांभाळली तर काय झिजती का ती?”

उठले आन पळाले. एक चप्पल तितंच ऱ्हायली. डांबर पायाला चिकटत हुतं. सात रस्त्याला कोण हॉर्न मारतंय, कोण शिव्या देतंय, काय कळत न्हवतं. डोक्यात एकच. पावणेतीन तास. उठला आसंल. झोळीतनं पडला आसंल. झोळीचा पिळ गळ्याला बसला आसंल. मी सगळ्या देवांना म्हणत हुते, त्याचं रडणं ऐकू येऊ दे. नुसतं रडणं येऊ दे.

गल्लीत आले. रडणं न्हाय.

जिन्यात आले तर वरनं गाणं ऐकू आलं. बाईचा आवाज, अंगाई. मी पायरीवर बसले. म्हणलं लिस्ट चालू हाय, झोपलाय बिरू, देवा. दोन मिनटं बसूनच ऐकलं. पेटी न्हाय, तबला न्हाय, नुसता गळा. हे गाणं लिस्टमधलं कुटलं, आठवंना. त्यात ‘भाच्या’, ‘माझ्या भाच्या’ असं येत हुतं मधीमधी. भाच्याची अंगाई मी कधी ऐकली न्हवती.

उठले, कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरली आन गाणं थांबलं. ओळ अर्धीच ऱ्हायली.

दार उघडलं.

कंप्युटरवर निळा पडदा. गोल गोल फिरणारे ठिपके आन इंग्लिशमधी आकडा, ६४ टक्के. खाली काय काय लिवलेलं. मी डावीकडचं दाबलं हुतं. आन झोळी हालत हुती. वाऱ्यानं हालल्यागत न्हाय — एका लयीत, मोठा झोका. माझ्यादेखत हळूहळू थांबली.

बिरू जागा हुता. झोळीतनं वर बघत हुता, माझ्याकडं न्हाय, बाजूला. हसत हुता.

त्याला उचलला तर कोरडा. मी घातलेला लंगोट निळा हुता, आता पांढरा, आन गाठ डाव्या अंगाला. मी कायम पोटावर मारते गाठ. निळा लंगोट धुऊन, पिळून खिडकीच्या गजावर टाकलेला. अजून ठिपकत हुता. मी त्याला हात लावला न्हाय. बिरूला घेऊन दारातच बसले. आत जाईना, बाहेर जाईना.

संध्याकाळी अक्का आल्या.

“काय गं पोरी, नणंद आली तुझी आन मला सांगितली पण नाय?”

“कोण नणंद, अक्का?”

“कोण म्हणते! आतमधी होती की. एक वाजता बाळ लई रडत होता. मी दार वाजवली, कोण हाय म्हटली. तर आतून बोलली — मी आत्या हाय त्याची, वहिनी येतील आता. मग बाळ गप झाला लगेच. गाणं म्हणत होती. काय गोड गळा हाय गं तिचा!”

मी बिरूला ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं.

“पण नणंदेला बाहेरून कुलूप लावून जाते काय कोण?” अक्का हसायला लागल्या. “आमच्यात नणंद कोंडते वहिनीला. तू उलटंच केलीस की! बोलव तिला, मी इडली करते उद्या.”

“गेली ती,” मी म्हणलं.

“चहा पण नाय दिलीस?”

आता तुमीच सांगा. ‘नणंद’ हा शब्द मी मावशींशिवाय कुणापुढं काढला न्हवता. मावशींना माझी खोली कुटं हाय म्हायती न्हाय. अक्का आन मावशी एकमेकींना ओळखत न्हायत. किल्ली एकच, माझ्या कमरंला. अक्कांना कमी ऐकू येतं म्हणावं, तर मी सवता ऐकलंय जिन्यात बसून. उन्हानं डोकं फिरलं म्हणावं, तर तो लंगोट?

ह्यांना फोन केला. “तुमाला बहीण हुती का वो कधी? लहानपणी गेलेली, असं काय?”

“कुटली बहीण? मी एकलाच. का गं?”

“असंच.”

“ऊन लागलंय तुला. कांदा खा जेवताना.”

पुढच्या सुट्टीला आले तवा कंप्युटर उघडून बसले. त्यात म्हणे समदं लिवलेलं असतं, कधी बंद झाला, कधी चालू झाला. म्हणले, “ह्या दिवशी साडेबारालाच बंद पडलाय की, आन चारला चालू झालाय. तू काय करत हुतीस?”

“झोपले हुते.”

“मग बिरूला गाणी कुणी लावली?”

मी चुलीकडं तोंड करून उभी ऱ्हायले. त्यांनी परत इचारलं न्हाय.

काम सोडलं मी. मावशींना सांगितलं, नणंद तिच्या घरी गेली. मावशी म्हणल्या, “गेली का? मग आता तुझं हाल.”

बरोबर बोलल्या त्या. आता दिवसभर मी आन बिरूच. नवी विंडो मस्त चालती, गाणं एकदापण अडकत न्हाय. पण बिरू त्या गाण्यांवर झोपत न्हाय आता. लिस्ट लावली की झोळीतनं मान वर करून बाजूला बघतो, बघतच ऱ्हातो. मग रडतो. मी म्हणते अंगाई, मला नीट येत न्हाय. माझ्या आईनं मला कधी म्हणली न्हाय, तिला मेंढरांतनं सवड कुटं.

ह्याला कारण काय आसंल ते मला सापडलं न्हाय. हितं कुणाला सापडलं तर सांगा. पण देवाधर्माचं, उताऱ्याचं सांगू नका. का ते सांगते, मग थांबते.

गेल्या हप्त्यात, भर दुपारचीच गोष्ट. बिरूला झोळीत घातलं, कंप्युटर बंद केला आन मी बाहेर आले. दार लावलं. कुलूप घातलं. कुटं गेले न्हाय, तितंच दाराला कान लावून उभी ऱ्हायले. भ्या तर लई वाटत हुतं. दीड वर्षात ह्यांच्याबिगर माझ्या लेकराला मांडीवर घ्यायला ह्या खोलीत एक माणूस आलं न्हवतं बगा. ती एकच आलेली.

पाच मिनटं काय न्हाय. मग बिरू रडायला लागला. पयले कुरकुर, मग मोठ्यानं. किल्ली माझ्या हातात हुती. लगेच उघडायला पायजे हुतं मी, आई हाय मी त्याची.

उघडलं न्हाय. थांबले. रडणं थांबतंय का बघायला.

थांबलं न्हाय. मग मीच आत गेले.