आधीचा आवाज

"लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. तुमच्या जिभेत मात्र सळई घातलीय! 'मुद्दाम केलं मी.' तीन शब्द. तेवढ्यापुरतीही वळत नाही का?" बायको म्हणाली.

"मुद्दाम केलंच नाही, तर मुद्दाम केलं कसं म्हणू?" मिस्त्री खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पण बसला नाही.

"अरे, तो लेख लिहिणारा म्हातारा तुझं कौतुकच करतोय ना?" कोपऱ्यातून आई म्हणाली. "मग घे की मुकाट्याने. तुझ्या बापाचं कुणी एवढंही केलं नाही."

भांडण येत्या शनिवारवरून होतं. शनिवारी संगीतमंडळाच्या सभागृहात एक नामांकित समीक्षक मिस्त्रीच्या धुनेवर बोलणार होते आणि नंतर त्याला मंचावर बोलावून विचारणार होते, की चौथ्या ठोक्याला ही लंगड, म्हणजे पाय ओढल्यासारखा उशीर, देण्याची कल्पना त्याला सुचली कशी. बायकोने साडी काढून ठेवली होती. मुलीने मैत्रिणींना सांगितलं होतं.

मिस्त्री वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, सव्वीस वर्षं. मशीनला हात लावण्याआधी तो कान लावतो. बेल्ट, पंप, बेअरिंग, काय बिघडलंय ते आवाजावरून सांगतो. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून फोनवर दोन वेळा आवाज टिपतो, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, आणि दोन्ही ऐकवतो. "हा तुमच्या मशीनचा खोकला, आणि ही झोप." असे शेकडो आवाज त्याच्याकडे साठले होते. सुट्टीच्या दिवशी तो मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांचेच तुकडे जोडत बसायचा. त्यातून साडेतीन मिनिटांची एक धून झाली. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, फिरणाऱ्या ड्रमचा ठेका आणि वर चार सूर. मुलीने ती इंटरनेटवर टाकली आणि महिन्याभरात गावभर लोक तिच्यावर नाचायला लागले. व्यायामशाळेत, चपलांच्या दुकानात, शेजाऱ्याच्या फोनवर, जिथे जावं तिथे तीच.

पहिलं परीक्षण दैनिकात आलं. 'साडेतीन मिनिटं डोक्यावर पत्र्याचा डबा आपटून घ्यायचा असेल, तर अवश्य ऐका.' ते वाचून मिस्त्री हसला होता, कात्रणही ठेवलं होतं. मग मासिकात या समीक्षकांचा लेख आला, दोन पानी. 'प्रत्येक चौथा ठोका किंचित उशिरा येतो. ही चूक नव्हे. दमलेल्या यंत्राला मुद्दाम दिलेली ही माणसाची चाल आहे.'

"त्यात एक शब्द नाही, आणि त्याच्यावर दोन पानं शब्द!" आई म्हणाली होती.

मिस्त्रीने मात्र कॉम्प्युटर उघडला. चौथा ठोका. पुन्हा चौथा ठोका. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज होता तो. जोडताना त्याने 'नंतर'च्या ऐवजी 'आधी'चा आवाज उचलला होता आणि आवाजावर जगणाऱ्या त्याच्या कानाला ते कळलं नव्हतं.

तेव्हापासून तो एका जागी ठरत नव्हता. चपलांच्या दुकानावरून जाताना फुटपाथ बदलायचा. चहा अर्धा टाकून उठायचा. खरं सांगावं तर मिस्त्री बहिरा ठरतो, खोटं बोलावं तर घास उतरत नाही.

"बाबा, कुणाला कळणार आहे?" मुलगी आता समजुतीच्या सुरात म्हणाली. "नाचणाऱ्यांना बेअरिंग माहीत नसतं."

तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई, त्याचं जुनं गिऱ्हाईक. घरात पाणी पाणी झालं होतं. मिस्त्रीने हत्यारांची पिशवी उचलली. भांडणातून सुटल्यासारखा तो जिना उतरला.

बाईंच्या न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी होतं. मशीन भिंतीपासून हातभर पुढे सरकलं होतं. त्याने मागचं झाकण काढलं. बेअरिंगचा भुगा झाला होता, ड्रमचा आधार मोडून पाण्याच्या टाकीत घुसला होता.

"बाई, हे एका दिवसात होत नाही. महिना-दीड महिना ठकठक करत असेल. बोलावलं का नाहीत?"

"करत होतं की! पोरं म्हणायची, आई, आपलं मशीन मिस्त्रीकाकांचं गाणं वाजवतंय. तीच लंगड, चौथ्याला. आम्ही कौतुकाने ऐकायचो." बाई पिळलेलं फडकं हातात धरून उभ्या होत्या. "मला शंका आली होती हो. पण मग तो लेख वाचला. म्हटलं, खुद्द मिस्त्रींनी मुद्दाम ठेवलेला आवाज, तो वाईट कसा असेल?"

पाणी उपसायला मिस्त्रीने बाईंना मदत केली, एरवी तो हे करत नसे. मोडलेला आधार कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. "याचं आता काही होणार नाही," म्हणाला. निघताना चपला घालायला विसरला आणि गल्लीच्या टोकावरून परत आला.

मग कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी उभा राहिला. फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. गिरणीच्या घरघरीत त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नसता.

घरी ताटं मांडलेली होती. इस्त्री केलेला त्याचा सदरा दाराला टांगला होता. बायको आता मवाळ झाली होती.

"हे बघा, मुद्दाम नको म्हणायला. नुसतं हसा. हसलात की लोक काय ते समजतात."

मिस्त्रीने हात धुतले, पुसले, पाटावर बसला.

"शनिवारी कुणी कुठे जायचं नाही," तो म्हणाला. "त्या समीक्षकांना फोन करून सांगितलंय. ती चूक होती, माझ्या कानाची. मासिकात तसं छापा म्हणालो. वाढ आता."