भिंतीपलीकडून येणारी खरखर

ज्या सकाळी आमचा रेडिओ वाटणीनंतर पहिल्यांदा शेवटपर्यंत स्वच्छ वाजला, त्या सकाळी आमचे थोरले बंधू गेले होते.

आज दादांची पुण्यतिथी आहे. फेसबुकवर मी सहसा काही लिहीत नाही. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झालेले आहे. तरी प्रत्येक शब्द तपासून लिहिला आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातील, रहिमतपूरची.

दादा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ त्यांनीच नोकरीत असताना आणलेला. लाकडी पेटी, पुढे जाळीचे कापड. बटण फिरवल्यावर आतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे, मग आवाज येई.

आमची वाटणी झाली तेव्हा घरातील वस्तूंच्या चिठ्ठ्या टाकल्या.

"घरात आणलं ते घराचं. रेडिओबी चिठ्ठीत टाका," असे दादा स्वतःच पंचांना म्हणाले.

रेडिओ माझ्या चिठ्ठीत आला.

दादा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत.

ते रागावले होते की आणखी काही होते, हे मला तेव्हाही समजले नाही. मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

मग घराच्या मधोमध भिंत आली.

आणि रेडिओत खरखर आली.

सांगली केंद्राच्या सकाळच्या बातम्या लावाव्यात, निवेदकाने दोन वाक्ये बोलावीत, की 'गूं… खर्रर्र' सुरू! रेडिओ बंद करेपर्यंत थांबत नसे. संध्याकाळी लावला तरी तेच.

रेडिओ दुरुस्त करणारे कोरेगावचे हणमंत मिस्त्री आमच्या विश्वासातले. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह ठोकून पाहिला. कंडेन्सर बदलला. एरियलची तार नवी घातली. प्लग उलटा करून लावला.

खरखर कायम.

रेडिओ त्यांच्या दुकानात नेला, तर तिथे स्वच्छ!

"आण्णा, ह्यो तुमच्याच घरात रुसतोय बघा," मिस्त्री म्हणाले. दुकानातली माणसे हसली. मी हसलो नाही.

अखेर मिस्त्री हातात छोटा सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन घरी आले. तो चालू ठेवून खोलीभर फिरले. भिंतीजवळ गेले की खरखर वाढे, लांब आले की कमी होई.

"आण्णा, तुमच्या रेडिओत काय बी न्हाई. पल्याड ट्यूबलाईट हाय, तिच्या पट्टीतला चोक म्हातारा झालाय. ती लागली की हितं खरखर."

"माझ्या बातम्यांच्या वेळीच? दिवसाढवळ्या ट्यूब?"

"त्ये मला काय इचारता? भावाला इचारा की!"

माझी खात्री झाली की हे मुद्दाम चालले आहे.

बायकांचे बोलणे बंद झालेले नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी परसात वहिनींना विचारले आणि आत येऊन मला सांगितले,

"तुमचा रेडिओ लागला की थोरलं भावजी मागल्या खोलीत खुर्ची घिऊन जात्यात म्हनं. भिंत घातल्यापासनं तिथं लय अंधार, म्हणून ट्यूब लावत्यात."

"आणि काय करतात?"

"बसत्यात."

"रेडिओ ऐकतात?"

"त्ये कुठं कुणाला सांगत्यात? बसत्यात, एवढंच म्हणल्या जाऊबाई."

मी पुष्कळ विचार केला. ऐकायला बसत असतील, की आपल्या वस्तूवर लक्ष ठेवायला? की माझ्या बातम्या बिघडवायला?



दुसऱ्या दिवशी मी रेडिओ फिरवून त्याचे तोंड भिंतीकडे केले.

"आवं, ह्यो काय येडेपणा! रेडिओ काय भिंतीला बातम्या सांगतोय व्हय?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"आवाज असा बरा येतो," मी म्हणालो.

मिस्त्रींना पुन्हा बोलावले नाही. आवाज मात्र थोडा मोठा ठेवू लागलो.

एकदा उसाच्या दराची बातमी लागली, तेव्हा पलीकडून "ह्यॅ!" असे ऐकू आले, असे मला वाटले. खरखरीमुळे नक्की कळले नाही.

आणि मग ती सकाळ.

बातम्या सुरू झाल्या. संपत आल्या. खरखर नाही.

"ट्यूब गेली वाटते त्यांची," मी म्हणालो.

"मग जावा की इचारायला. भाऊच हाय न्हवं!"

विचारायला गेलो नाही. चप्पल घातली, पेठेत गेलो आणि नवी ट्यूब विकत घेतली. ट्यूब द्यायला म्हणून दारात जाता आले असते. बोलायची गरज पडली नसती.

परत आलो तर दादांच्या दारात माणसे उभी होती.

पहाटे झोपेतच गेले होते; वहिनी उठवायला गेल्या तेव्हा कळले. बाहेरच्या खोलीत ठेवले होते. आमच्या सौभाग्यवती आधीच वहिनींजवळ येऊन बसल्या होत्या.

वहिनींनी माझ्या हाताकडे पाहिले.

"भावजी, ह्ये काय आणलंसा?"

"ट्यूब," मी म्हणालो. "मागच्या खोलीतली गेली असेल म्हणून…"

"ती तर चांगली हाय की," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा रडू लागल्या.

मी मागच्या खोलीत गेलो. भिंत घातल्यापासून प्रथमच. अंधारात खुर्ची होती. खुर्चीचे तोंड भिंतीकडे होते.

बटण दाबले. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.

आमच्या घरी गडबडीत रेडिओ चालूच राहिला होता. भिंतीपलीकडून खरखर सुरू झाली.

मी खुर्चीवर बसून कान देऊन ऐकले. निवेदकाचा एकही शब्द नीट ऐकू येईना. नुसती खरखर.

मग दादा रोज तिथे बसून काय ऐकत होते?

इतकी वर्षे झाली. मला अजूनही समजलेले नाही.

दादा, आपला रेडिओ व्यवस्थित आहे. तोंड भिंतीकडेच आहे.

आपल्या स्मृतीस या धाकट्याचा वाकून नमस्कार.