बापाच्या बंडीचं माप

महागावकडून आमच्या तांड्यावर येणारी पांदण पावसात चाकं गिळते. डांबरी रस्ता समोर दिसतो, पण तिथवर माल न्यायचा तर डोक्यावर. या पांदणीसाठी मी तहसीलसमोर तीनदा उपोषणाला बसलो. साहेब बदलले, चिखल तोच. हरिसिंगचा माझ्या उपोषणांवर कधीच भरवसा नव्हता. "भाऊ, रस्ता गाडीजोगा होत नसन, त गाडी रस्त्याजोगी करू," म्हणायचा.

हरिसिंग वेल्डर. पुण्याकडे ट्रकच्या बॉड्या बांधण्यात जवानी घालवून परत आलेला. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरणाऱ्यांचे आपण नातू, आणि आज घरचा माल न्यायला दुसऱ्याची ट्रॉली मागतो, हे त्याला बोचायचं. म्हणून त्याने छोट्या ट्रकची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, आखली. बाजारात मिळणारे लोखंडी चॅनल, भंगारातल्या पिकअपचं इंजिन नि एक्सल, कोणत्याही गावच्या वेल्डरला जमेल असं काम. नकाशा मोबाइलवरून वाटून टाकला: घ्या, बनवा, बदला, मालक कोणी नाही. शहरात याला ओपन सोर्स म्हणतात असं मी सांगितलं, तर हसला. "पाण्याची जागा दाखवाचे पैसे आपल्या आज्यानं कोणाले मागतले होते काय?"

चाकांमधलं अंतर मात्र त्याने बापाच्या बंडीवरून घेतलं. ती बैलबंडी अजून घरासमोर उभी. ट्रक बंडीच्या चाकोरीतूनच चालला तर फसणार नाही, असा हिशोब. मला तो इतका पटला की मी सभांमधून सांगत फिरलो.

शेजारच्या देवीलालसकट तांड्यातल्या सहा घरांनी भंगारातून जुन्या पिकअप आणल्या. त्यांचे एक्सल, म्हणजे चाकं जोडणारे दांडे, बंडीच्या मापाला आखूड करायला उमरखेडचा लेथवाला गोपाल आला.

"हरिसिंगभाऊ, एकच कापू. चालवून पाहा, मंग बाकीचे."

"काहून? माप चुकन काय?"

"तसं नाही. पण कापलेलं लोखंड वाढत नाही ना बाप्पा."

"माह्या बापाचं माप हाय. काप सगळे."

गोपालने कापले.

परतीच्या पावसात पहिला ट्रक निघाला, देवीलालचं सोयाबीन भरून. अख्खा तांडा मागे. पांदणीत शिरल्याबरोबर डावं चाक चाकोरीत उतरलं आणि उजवं मधल्या उंचवट्यावर चढलं. ट्रक कलत कलत गेला आणि आडवा झाला. हरिसिंग खिडकीतून बाहेर आला, खरचटला तेवढाच. पोती चिखलात. चेसीचा एकही सांधा उघडला नव्हता.

मग चाकोरी मोजली. ट्रकच्या चाकांपेक्षा वीतभर जास्त रुंद निघाली. तांड्यातले बैल विकून कैक वर्षं झाली होती. भाड्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी बंडीची चाकोरी केव्हाच पुसली होती. आम्ही रोज तिथूनच जायचो. पण पायी चालणारा चाकोरी मोजत नाही, चुकवतो.

हरिसिंगची बायको बसंतीबाई पोतं ओढता ओढता म्हणाली, "बंडी मोजली, रस्ता नाही मोजला. बंडी कुठं जाते? थे त घरीच उभी हाय."

नकाशात हरिसिंगने वर लिहून टाकलं: आधी आपली चाकोरी मोजा. पुढे मारेगावकडच्या एका गावाने तीच चेसी रुंद एक्सलवर बनवली आणि व्हिडिओ पाठवला. कापसाने भरलेली गाडी, भर चिखलातून. देवीलाल मोठ्या दिलाचा माणूस. व्हिडिओ पाहून म्हणाला, "चाल, मी दुसरी पिकअप आणतो. आता रुंदच ठेव."

"आण. कसं कराचं सांगतो. हात लावत नाही," हरिसिंग म्हणाला.

"कायले?"

"सहा घरचं लोखंड माह्या शब्दावर कापलं, देवीलाल."

मी भडकलो. "नकाशा सगळ्यायचा म्हणतं, अन् चूक तुह्या एकट्याची कशी?"

"नकाशा सगळ्यायचाच हाय," तो म्हणाला. "काप म्हणणारा मी एकटा."

देवीलालनेही पिकअप आणली नाही. हरिसिंगच्या हाताशिवाय तांड्यात ती बांधणार कोण?

यंदा मारेगावकडे तशा आणखी गाड्या झाल्या. आमचा कापूस गठुड्यांनी डांबरी रस्त्यावर गेला. हरिसिंग वाटेत भेटला, डोक्यावर गठुडं. थांबला, पण गठुडं उतरवलं नाही.

"मारेगाववाल्यायले सांगजा भाऊ, मागच्या स्प्रिंगच्या कमानीले एक पाटा वाढवा म्हणा. कापसाले चालून जाते. सोयाबीन भरलं त दबन."

आणि पुढे चालू लागला.